जुनी होडी घेताय? आधी हे बघा

आपल्या तेरखेड्याच्या बाया फटाक्यांच्या कामातून पै-पै साठवतात. त्यातून एखादा गट तलाव ठेक्यानं घेऊन मासे पाळायचं ठरवतो, अन् मग प्रश्न येतो होडीचा. नवी परवडत नाही, जुनी शोधावी लागते.

होड्यांचा बाजार काही आपल्याकडं भरत नाही. विचारायचं ते उजनीकाठच्या मच्छीमारांना, नाहीतर कोकणात. तिकडं कुणी शिडाची लहान होडी स्वस्तात देऊ केली, तरी घेऊ नका. वाऱ्यावर शीड सांभाळायला सराव लागतो. तलावात जाळं टाकायला वल्ह्याची, सपाट बुडाची होडी बरी.

बघायला उजेडात जा, होडी चालवणारं माणूस सोबत न्या. लाकडी असेल तर सांध्याजवळ टोच्या लावून बघा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय. फायबरची असेल तर नाण्यानं ठोकत जा. आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेत. नव्या रंगाला भुलू नका, त्याखाली भेगा झाकतात. पाण्यात सोडून बघा. उन्हात पडलेली लाकडी होडी आधी थोडी गळते, लाकूड फुगल्यावर थांबते. तरीही गळत राहिली तर सोडून द्या. व्यवहार गटाच्या नावानं, लेखी करा.

शेवटचं. मे २०२४ मध्ये उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यानं बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. म्हणून होडीच्या खर्चातच लाइफ जॅकेट धरा. जॅकेट नाही, तर पाण्यात पाऊल नाही.