एक म्हातारा बोलतो, दुसरा ऐकतो



कार्पेथियन डोंगरांच्या पायथ्याशी, रानाला लागून एक जुनी गढी आहे. पंचाहत्तरीचा एक निवृत्त सेनापती तिथे राहतो. सोबतीला नव्वदी ओलांडलेली दाई, नीनी. १९४० सालच्या ऑगस्टमध्ये त्याच्या हाती चिठ्ठी पडते की बालमित्र भेटायला येतो आहे. हा मित्र ४१ वर्षांपूर्वी निरोपही न घेता नाहीसा झाला होता. सेनापती दिवाणखाना उघडायला लावतो, मित्राच्या त्या शेवटच्या रात्री होता तसाच जेवणाचा थाट करवतो, आणि पाने उठल्यावर पहाटेपर्यंत बोलत राहतो. मित्र ऐकतो.

शांदोर माराई या हंगेरियन लेखकाची ही कादंबरी १९४२ साली बुडापेस्टमध्ये निघाली. इंग्रजी वाचकांना ती 'एम्बर्स' या नावाने माहीत आहे. गोष्ट एवढीच, की सेनापती हेन्रिक श्रीमंत सरदार घराण्यातला आणि त्याचा हा मित्र कोनराड गरिबाघरचा. दोघे दहा वर्षांचे असताना व्हिएन्नाजवळच्या लष्करी शाळेत भेटतात आणि पुढे भावांसारखे वाढतात. १८९९ च्या जुलैमध्ये शिकारीला गेले असताना हेन्रिकला जाणवते की पाठीमागे उभ्या असलेल्या कोनराडने बंदूक रोखली आहे, आणि ती समोरच्या हरणावर नाही. गोळी सुटत नाही. दुसऱ्या दिवशी कोनराड शहर सोडून गेलेला असतो. त्याच्या घरी हेन्रिकने याआधी कधी पाऊल टाकलेले नव्हते. तो तिथे पोचतो, आणि मागून त्याची स्वतःची बायको क्रिस्तिना आत येते.

या पुस्तकाचे नशीब मोठे चमत्कारिक. चाळीसच्या दशकात ते वाचले गेले, मग जवळपास विस्मरणात गेले. १९९८ साली मिलानच्या अडेल्फी प्रकाशनाने इटालियन भाषांतर काढले आणि इटलीत त्याच्यावर उड्या पडल्या. पुढच्याच वर्षी जर्मन आवृत्ती आली. मार्सेल राइश-रानिकी हे जर्मनीतले मोठ्या दबदब्याचे समीक्षक, चांगल्या चांगल्या लेखकांना दूरदर्शनवर सोलून काढणारे. त्यांनी माराईंना डोक्यावर घेतले. २००१ मध्ये कॅरल ब्राउन जेनवे यांचे इंग्रजी भाषांतर आले, तेही हंगेरियनवरून नव्हे तर जर्मनवरून. यावर काही जाणकारांनी नाके मुरडली. युरोपातली निम्मीअधिक पुस्तके इंग्रजीच्या वळशाने वाचणाऱ्या मराठी माणसाने मात्र मुरडू नये.

वाचकांमध्ये तट पडले ते इथून पुढे.

पहिली तक्रार अगदी साधी आहे: हा माणूस किती बोलतो! पुस्तकाचा उत्तरार्ध म्हणजे जवळपास एकट्या हेन्रिकचे भाषण. कोनराड मध्येच एखादे वाक्य टाकतो, सिगार ओढतो, मान हलवतो. नोबेल मिळवलेले दक्षिण आफ्रिकेचे कादंबरीकार जे. एम. कुट्सी यांनी माराईंवर लिहिताना हातचे राखले नाही. कादंबरी या प्रकाराची माराईंची समज जुन्या वळणाची होती आणि त्यात त्यांच्या हातून फार काही घडले नाही, असा त्यांचा सूर. ख्रिस्तोफर हॅम्प्टन यांनी २००६ साली लंडनमध्ये याचे नाटक केले, तेव्हाही सगळा भार हेन्रिकचे काम करणाऱ्या जेरेमी आयर्न्झच्या बोलण्यावरच होता.

मराठी प्रेक्षकाला स्वगताचे वावडे नाही. 'नटसम्राट'मधला गणपतराव बेलवलकर बोलू लागला की नाट्यगृह गप्प होते. पण बेलवलकर सर्वस्व गमावून बोलतो. हेन्रिककडे गढी आहे, नोकर आहेत, वाइन आहे, आणि समोरच्याला उठून जाता येणार नाही अशी रात्र आहे. फिर्यादी तोच, वकील तोच, न्यायाधीशही तोच. म्हणून वाचक चिडतो. ही चीड म्हणजे पुस्तकाचे अपयश नव्हे. एकतर्फी खटला ऐकता ऐकता वाचकाच्या मनात आरोपीच्या बाजूने शंका उठू लागतात, आणि त्या उठाव्यात एवढी जागा माराईंनी मुद्दाम मोकळी ठेवली आहे.

त्यातली सर्वांत मोठी शंका पैशाची. कोनराडच्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन मुलाला अधिकारी केले. त्याचा प्रत्येक गणवेश, हातमोजांचा प्रत्येक जोड घरच्यांच्या ताटातून कापून आलेला. हेन्रिक उदार आहे, पैसे देऊ करतो. कोनराड ते घेत नाही. हेन्रिकला वाटते, मैत्रीत काय तुझे-माझे? असे वाटणे ज्याच्याकडे आहे त्यालाच परवडते. हा प्रसंग मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही. द्रोण आणि द्रुपद एकाच आश्रमात शिकले. पुढे द्रुपद राजा झाला आणि दारी आलेल्या द्रोणाला त्याने ऐकवले की मैत्री बरोबरीच्यांत होते. द्रोणाने शिष्यांकरवी त्याला बांधून आणवले आणि अर्धे राज्य घेतले. महाभारतात हिशेब असा रोखठोक चुकता होतो. माराईंकडे तो ४१ वर्षे थकतो, आणि शेवटी मित्राकडून वसूल करायला उरतात फक्त दोन प्रश्न.

दुसरी तक्रार अधिक वजनदार आहे, आणि आजच्या बायका ती नेमकी करतात. क्रिस्तिना कुठे आहे? तिच्यावरून दोन पुरुष रात्र जागवतात, पण ती कधीच मेली आहे. त्या दिवसानंतर हेन्रिक रानातल्या शिकारघरात राहायला गेला आणि तिच्याशी पुन्हा बोलला नाही. ती गढीत, तो रानात, असे आठ वर्षे, तिच्या मरणापर्यंत. तिची रोजनिशी हेन्रिकने मोहोरबंद जपून ठेवली आहे. उत्तर त्या पानांत असू शकते. पण तो ती न उघडताच शेकोटीत टाकतो, आणि कोनराडही हात पुढे करत नाही. मित्राने दगा दिला का, हे शोधता शोधता दोघांनी मिळून तिचे बोलणे जाळले. विश्वासघाताचा शब्द वापरायचाच तर इथे वापरावा. हेन्रिकच्या थोरपणावर भाळलेले वाचक या जागेवरून फार घाईने पुढे जातात.

माराईंच्या स्वतःच्या आयुष्यातही न विझलेला दावा होता, तो देशाशी. त्यांचे जन्मगाव कॉशा आज कोशित्से या नावाने स्लोव्हाकियात आहे. पहिल्या महायुद्धानंतर सरहद्द सरकली आणि गाव परक्या देशात गेले. १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवटीमुळे त्यांनी हंगेरी सोडली ती कायमची. इटली, न्यूयॉर्क, पुन्हा इटली, शेवटी सान दिएगो. बरीच वर्षे ते रेडिओ फ्री युरोपवरून आपल्या माणसांशी हंगेरियनमध्ये बोलत राहिले. सोव्हिएत फौजा जाऊन मोकळ्या निवडणुका होईपर्यंत आपले पुस्तक हंगेरीत छापायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. पत्नी गेली, मुलगा गेला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. त्याच वर्षी ती राजवट कोसळली.

कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीच्या श्रोत्यांना हे सांगताना फार समजावून द्यावे लागत नाही. रुळांच्या पलीकडे उल्हासनगर आहे. कल्याण कॅम्पातल्या लष्करी बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबे उतरवली गेली, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला हे नाव मिळाले. गाव जागेवर राहते आणि देश बदलतो, हे इथल्या कित्येक घरांतल्या आजी-आजोबांनी सोसले आहे. अशा घरातल्या वाचकाने 'एम्बर्स' हाती घेतली, तर जुन्या ऑस्ट्रो-हंगेरियन साम्राज्यासाठी झुरणारा हेन्रिक त्याला वेगळा दिसेल. कदाचित कमी हास्यास्पद.

आणि हेन्रिकचे भाषण मुळीच सोसवत नसेल, तर माग्दा साबो यांची 'द डोअर' घ्यावी. मूळ हंगेरियन पुस्तक १९८७ चे, लेन रिक्स यांचे इंग्रजी भाषांतर २००५ चे. इथे सरदार नाहीत. एक लेखिका आहे आणि तिच्याकडे काम करणारी एमेरेन्त्स नावाची मोलकरीण. एमेरेन्त्स कोणालाही आपल्या घराच्या दारापलीकडे येऊ देत नाही, मालकिणीला बोल लावते, आणि तरी त्या मालकिणीवरच तिचा सगळ्यांत जास्त जीव. आजारपणात ती दार लावून पडते. तिला वाचवायचे म्हणून लेखिका दार फोडायच्या बेतात सामील होते, आणि ऐन वेळी दूरदर्शनच्या कार्यक्रमाला निघून जाते. दार फुटते, आतली घाण नि दैना गल्लीभर उघडी पडते. भल्यासाठी केलेला दगा तो हाच. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे कामाला बाई येते, त्यांना हे पुस्तक माराईंपेक्षा जास्त बोचेल. कलाकृती म्हणूनही ते सरस आहे, कारण साबोंची निवेदक आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतः उभी राहते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. या पट्ट्यात पुस्तकांवर बोलणाऱ्यांची वाण नाही. सोसायटीत, ग्रंथालयात वा कट्ट्यावर वाचकांचा गट जमत असेल, तर ही दोन पुस्तके लागोपाठ वाचायला घ्यावीत. आणि चर्चेत पहिली पाळी अशा वाचकाला द्यावी, ज्याला पुस्तक आवडलेले नाही.