मद्यपाश आणि औषध

मद्यपान हे दीर्घकाळ केवळ नीतीचे स्खलन मानले जाई. व्यसनी मनुष्यास उपदेश करावा, शपथ घालावी आणि न ऐकल्यास त्याज्य समजावे, एवढेच उपाय समाजापाशी होते. हा रोग असून त्यावर औषध संभवते, या विचारास बळ आले ते डेन्मार्क देशातील एका अनपेक्षित शोधाने.

कोपनहेगन येथे येन्स हाल्ड व एरिक याकोबसेन हे संशोधक, रबराच्या धंद्यात वापरले जाणारे डायसल्फिराम हे द्रव्य पोटातील जंतांवर उपयोगी पडेल काय, हे पाहत होते. निर्धोकपणाच्या खात्रीसाठी त्यांनी ते स्वतः सेवन केले. पुढे अल्पसे मद्य घेताच तोंड लाल झाले, छाती धडधडू लागली, मळमळ सुटली. अमेरिकेतील डॉ. विल्यम्स यांनी १९३७ सालीच रबर-कामगारांत हाच प्रकार नोंदविला होता. डॉ. ओलुफ मार्टेनसेन-लार्सन यांनी हे औषध मद्यासक्त रुग्णांस दिले, आणि १९४८ साली 'लॅन्सेट' साप्ताहिकाद्वारे ही वार्ता जगापुढे आली.

यातील मर्म सोपे आहे. मद्याचे शरीरात प्रथम अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात रूपांतर होते, व मागाहून ते निरुपद्रवी बनते. ही दुसरी पायरी औषध रोखून धरते, विष साचते. औषध थांबविल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकू शकतो.

म्हणूनच एक सूचना अत्यंत निकडीची आहे. कोपनहेगन असो वा विरारजवळचे चंदनसार, गांजलेल्या गृहिणीस हे औषध पतीच्या आमटीत गुपचूप कालवावेसे वाटणे स्वाभाविक होय. परंतु अजाणता मद्य घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावरही बेतू शकते. रुग्णाची संमती व वैद्याची देखरेख यांवाचून हे औषध देऊच नये.

औषध केवळ कुंपण घालते. आतील शेत रुग्णानेच राखावयाचे असते. हे जाणून डॉ. अनिता अवचट व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने, पुण्यात 'मुक्तांगण' स्थापिले. तेथे समुपदेशन, सहरुग्णांची सोबत आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भर देण्यात आला. व्यसनी मनुष्यास घराबाहेर काढण्यापूर्वी त्यास वैद्याच्या दारी नेणे, हेच सुज्ञ कुटुंबाचे पहिले कर्तव्य ठरते.