अवयवदान : दान की व्यवहार?

(भाषणाचा मजकूर)



देवांच्या रक्षणासाठी आपल्या अस्थी अर्पण करणाऱ्या दधीची ऋषींची कथा घरोघरी माहीत आहे. त्या कथेतील दोन गोष्टी ध्यानी घेण्यासारख्या आहेत. दधीचींनी अस्थी दिल्या त्या स्वसंमतीने, आणि त्यांचे मोल कोणी ठरविले नाही. आज एका मनुष्याचा अवयव दुसऱ्याच्या देहात बसविण्याची विद्या वैद्यकाने हस्तगत केली असताना समाजापुढे आणि कायद्यापुढे नेमके हेच दोन प्रश्न उभे आहेत : संमती खरी केव्हा मानावी, आणि अवयवाला किंमत असावी काय?

१९५४ साली अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांपैकी एकाचे मूत्रपिंड दुसऱ्यास बसविले. भाऊ तंतोतंत सारखे असल्याने देहाने तो अवयव परका मानला नाही. १९६७ च्या डिसेंबरात केप टाऊन येथे हृदयाचे प्रत्यारोपण झाले आणि १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तशीच शस्त्रक्रिया केली. रुग्ण मात्र फार काळ जगला नाही. पुढे सायक्लोस्पोरिन हे औषध १९८० नंतरच्या दशकात वापरात आले आणि नात्याबाहेरच्या व्यक्तीचे मूत्रपिंडही चालू लागले.

हे वरदानच एका अनर्थाचे मूळ ठरले. नात्याची अट सुटली, तिथे पैसा पुढे आला. दलाल निर्माण झाले आणि कर्जबाजारी माणसे शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचली. २००१ साली चेन्नईत मूत्रपिंड विकलेल्या ३०५ व्यक्तींची पाहणी झाली. त्यांतील शंभरांपैकी शहाण्णवांनी कर्ज फेडण्यासाठी मूत्रपिंड विकले होते. तथापि त्यांच्यातील बहुसंख्य पाहणीच्या वेळीही कर्जातच होते, त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटले होते आणि बहुतेकांची प्रकृती पूर्वीपेक्षा खालावली होती. अवयव गेला, कर्ज राहिले, असाच त्याचा अर्थ होय.

या परिस्थितीत १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम संमत केला. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने असा कायदा करण्यास राज्यांचे ठराव आवश्यक होते. ते ठराव करणारी राज्ये होती गोवा, महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी तो अंमलात आला. अवयवाची खरेदी व विक्री हे दोन्ही गुन्हे ठरले. २०११ च्या दुरुस्तीने त्यासाठी पाच ते दहा वर्षांची कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपयांपर्यंतचा दंड ठरविला. मात्र दात्याचा खर्च व बुडालेली मजुरी भरून देणे म्हणजे विक्री नव्हे, असेही अधिनियम सांगतो.

यावर मतभेद आहेत. इराणमध्ये १९८८ पासून शासनाच्या देखरेखीखाली मूत्रपिंडदात्यास मोबदला दिला जातो. बंदीमुळे व्यवहार थांबत नाही, तो केवळ अंधारात जातो, असे त्या पद्धतीचे समर्थक म्हणतात. तसेच ज्याने नाइलाजाने अवयव विकला, त्या गरिबालाच तुरुंगात पाठवावे काय, हाही प्रश्न सोपा नाही. परंतु जिथे सावकार दारात उभा आहे, तिथल्या होकाराला स्वेच्छा कसे म्हणावे?

हाच प्रश्न घरातही विचारावा लागतो. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ अधिक आहेत आणि घेणाऱ्यांत पुरुष. पत्नीने वा आईने दिलेले मूत्रपिंड प्रेमाचेच असते. परंतु तिला नाही म्हणण्याची मोकळीक होती काय, हे कोणी विचारले पाहिजे.

यावर उतारा म्हणजे मरणोत्तर दान. येथे लोकांच्या मनात भीती असते : श्वास चालू दिसत असताना मृत्यू कसा म्हणावा? मेंदूमृत्यूत मेंदूचा स्तंभ कायमचा निकामी होतो. छाती हलते ती केवळ यंत्राने. असा मृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा कराव्यात आणि त्या डॉक्टरांपैकी कोणीही प्रत्यारोपण करणारा नसावा, असे नियम आहेत. मृत्यू ठरविणारा आणि अवयव घेणारा यांना वेगळे ठेवण्यातच कायद्याचे शहाणपण आहे.

स्पेनमध्ये विरोध नोंदविला नसेल तर संमती आहे असे कायदा मानतो. तरीही तेथील डॉक्टर कुटुंबास विचारल्यावाचून पुढे जात नाहीत. आपल्याकडेही प्रत्यक्षात शेवटचा शब्द कुटुंबाचाच असतो. हृदय देहाबाहेर जेमतेम चार ते सहा तास टिकते. शोकाच्या त्या घटकेत मृताची इच्छा ठाऊक नसेल, तर बहुधा नकारच येतो.

म्हणून प्रतिज्ञापत्रावर सही करणे पुरेसे नाही. देण्याची इच्छा असो वा नसो, ती पत्नीला, पतीला, मुलांना स्पष्ट सांगून ठेवणे हे प्रत्येकाचे कर्तव्य होय. शिक्षकांनी शाळेत, ग्रामस्थांनी चावडीवर हा विषय काढावा. आणि मूत्रपिंडाच्या बदल्यात पैसे देऊ करणारा कोणी गावात आला, तर त्याला चहा न पाजता पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवावा. दधीचींचे दान थोर ठरले, कारण ते मागितले गेले आणि दिले गेले. विकत घेतले गेले नाही.