किल्ली कोणाच्या हातीं?



रात्रीं घरांतील वडील मंडळी दाराचें कुलूप एकदां ओढून पाहतात आणि मग सारें घर निश्चिंतपणें झोपीं जातें. कुलूप बाहेरच्या चोरासाठीं असतें. परंतु ज्याच्या स्वाधीन किल्ली केली, त्याचीच बुद्धि फिरली तर काय? हा प्रश्न कुलपानें सुटत नाहीं. आणि संरक्षणाच्या शास्त्राचा खरा आरंभ येथेंच होतो.

शिवाजीमहाराजांनीं या प्रश्नाचा किती खोल विचार केला होता, तें सभासदाच्या बखरींत पाहावयास मिळतें. महाराजांचें राज्य किल्ल्यांच्या बळावर उभें होतें. एखादा अंमलदार शत्रूला फितूर झाला, तर कित्येक वर्षांचे श्रम एका रात्रींत वायां जावयाचे. म्हणून किल्ला कधीं एकट्याच्या हातीं ठेवीत नसत. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे एकाच प्रतीचे असत, आणि कारभार तिघांनीं मिळून करावा असा दंडक होता. धान्य व युद्धसामग्री यांच्या कोठारांवर कारखानीस निराळा. हे अंमलदार भिन्न जातींतून निवडीत. हेतु हा कीं, त्यांचें संगनमत सहसा होऊं नये. पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांतहि या अंमलदारांच्या ठराविक मुदतीनें बदल्या कराव्या असें बजाविलें आहे.

हा नियम मोडला म्हणजे काय होतें, याचें अलीकडचें उदाहरण लंडनच्या बेअरिंग्ज पेढीचें आहे. ही पेढी १७६२ सालीं स्थापन झाली. तिच्या सिंगापूरच्या कचेरींत निक लीसन नांवाचा तरुण सौदे करी, आणि त्या सौद्यांचा हिशेब ठेवणारा विभागहि त्याच्याच हाताखालीं होता. तोट्याचे सौदे त्यानें एका खात्यांत दडवून ठेविले. हीं दोन कामें एकाच माणसाकडे असूं नयेत, असें पेढीच्या स्वतःच्या हिशेबतपासनिसांनीं १९९४ मध्यें लेखी कळविलें होतें. परंतु तें अंमलांत आलें नाहीं. फेब्रुवारी १९९५ मध्यें सारें उघडकीस आलें. तोटा अखेर ८२ कोटि ७० लक्ष पौंडांवर गेला, आणि सव्वादोनशें वर्षांहून जुनी ती पेढी एका डच कंपनीनें अवघ्या एका पौंडास विकत घेतली. तिजोरी कोणी फोडली नव्हती. दोन किल्ल्या एका हातीं होत्या, इतकेंच.

बँकेंतील आपला लॉकर उघडतांना सामान्यतः आपली व बँकेची अशा दोन किल्ल्या लागतात, त्याचें मर्म हेंच. आपल्या मंडळांतहि पैसे घेणारा आणि हिशेब लिहिणारा निराळा असावा, धनादेशावर दोघांच्या सह्या असाव्या, आणि तिसऱ्यानें मधूनमधून अवचित शिल्लक मोजून पाहावी.

"पण आमचे चिटणीस इतके सचोटीचे, हा त्यांचा अपमान नव्हे काय?" असें कोणी म्हणेल. मला वाटतें, सचोटीच्या माणसालाच या व्यवस्थेची गरज अधिक आहे. उद्यां शिल्लक शंभर रुपयांनीं कमी भरली, तर एकट्यानें व्यवहार पाहणाऱ्याजवळ शपथेवांचून दुसरा पुरावा नसतो. सोबत्याची सही ही त्याची साक्ष होय. तिनें संस्थेचें धन राखलें जातें, आणि त्याहून मोलाची अशी त्या माणसाची अब्रूहि राखली जाते.