मध्यम आकाराचा कॅमेरा आणि भिंगाची निवड



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, साहित्य असे भारदस्त विषय शोभतात. त्यांच्या पंगतीत कॅमेऱ्याच्या भिंगाला पाट मांडून चालकांनी धाडसच केले आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी कॅमेरा हातात धरला नसेल. त्यांनी विचारावे, आम्हांला या भिंगाशी काय कर्तव्य? माझे उत्तर असे की, आपल्या प्रत्येकाच्या घरी भिंतीवर कोणाचा ना कोणाचा फोटो आहे. तो पाहून 'अगदी आमचे आबाच' असे आपण म्हणतो, किंवा 'फोटो चांगला आहे, पण हे आबा नव्हेत' असे म्हणतो. या दोन उद्गारांतले अंतर पुष्कळदा फोटो काढणारा किती पावलांवर उभा होता, यावर ठरलेले असते. आणि भिंगाची निवड म्हणजे शेवटी या पावलांचीच निवड. माझ्या सगळ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. आता ते पटवून देतो.

प्रथम 'मध्यम आकार' म्हणजे काय ते सांगतो. १९०१ साली कोडॅक कंपनीने आपल्या ब्राउनी कॅमेऱ्यासाठी कागदाची पाठ असलेली एक फिल्म काढली. तिला पुढे १२० हा क्रमांक मिळाला. सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीची ही फिल्म आजही तयार होते. तिच्यावर चौरस चित्रे घेतली तर बारा बसतात. आपल्याकडे एके काळी घरोघरी दिसणारा आगफा क्लिक-थ्री याच फिल्मवर चाले. प्रत्येक चित्राची बाजू प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर असते. लहान कॅमेऱ्यातल्या ३५ मिलिमीटर फिल्मचे चित्र २४ बाय ३६ मिलिमीटरचे असते. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर आपले चौरस चित्र त्याच्या साडेतीन पटींहून मोठे भरते. म्हणून मोठा फोटो काढला तरी त्यात बारीक तपशील टिकतो. डिजिटल कॅमेरे आणि मोबाइल आल्यावर हे सारे संपले असे अनेकांनी गृहीत धरले होते. पण आज तरुण मंडळी आजोबांच्या ट्रंका धुंडाळून हे कॅमेरे बाहेर काढीत आहेत, जुन्या बाजारात पैसे मोजीत आहेत. त्यांचे पैसे वाया जाऊ नयेत हाही माझा एक हेतू आहे.

भिंगाची ओळख त्याच्या फोकल लेंग्थवरून होते. आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला नाभीय अंतर म्हणतात. दूरच्या वस्तूचे स्पष्ट चित्र भिंगामागे जितक्या अंतरावर पडते, ते हे अंतर. फिल्मच्या चित्राच्या कर्णाइतके हे अंतर असले की त्या भिंगाला 'नॉर्मल' म्हणण्याचा प्रघात आहे. ५६ मिलिमीटरच्या चौरसाचा कर्ण सुमारे ७९ मिलिमीटर, म्हणून या कॅमेऱ्यांना ८० मिलिमीटरचे भिंग नॉर्मल. आयताकृती ६ बाय ७ सेंटिमीटरच्या कॅमेऱ्यांना ९० ते १०५ चे, तर ६ बाय साडेचारच्या कॅमेऱ्यांना ७५ किंवा ८० चे भिंग नॉर्मल धरतात. लहान कॅमेऱ्यावरून इकडे येणारा माणूस येथे हमखास गोंधळतो. त्याला ८० चा आकडा दूरचे जवळ आणणाऱ्या भिंगाचा वाटतो. त्याने आमच्या आकड्याचे निम्मे करून त्यात थोडी भर घालावी. ८० म्हणजे त्याचे ४४, १५० म्हणजे ८२ आणि ५० म्हणजे २७. एवढे ध्यानात ठेवले की गोंधळ उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. सर्वसाधारण समजूत अशी की, लांब भिंग दूरचे जवळ आणते आणि रुंद भिंग पुष्कळ मावून घेते. जागेवरून न हलता काम होते. ही समजूत खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. एक देवळाचे आवार डोळ्यांपुढे आणा. समोर सहा मीटर उंचीची दीपमाळ आहे. तिच्या मागे चाळीस मीटरवर बारा मीटर उंचीचे शिखर आहे. तुम्ही ८० चे भिंग लावून दीपमाळेपासून दहा मीटरवर उभे राहिलात. ढोबळ हिशेबाने फिल्मवर दीपमाळ ४८ मिलिमीटर उतरेल आणि शिखर १९. आता १५० चे भिंग लावा आणि वीस मीटर अंतरावर जा. दीपमाळ ४५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तेवढीच; पण शिखर ३० मिलिमीटर झाले! उलट ५० चे भिंग घेऊन दीपमाळेपासून सहा मीटरवर या. दीपमाळ ५० मिलिमीटर, आणि शिखर बिचारे १३ वर आले. दीपमाळ तीच, शिखर तेच. पण एका चित्रात शिखर दीपमाळेच्या पाठीशी वडीलधाऱ्यासारखे उभे आहे आणि दुसऱ्यात ते कोठेतरी दूर राहिले आहे. हा फरक भिंगाने केला नाही, तुमच्या पायांनी केला. भिंगाने फक्त तुम्ही निवडलेल्या जागेवरून चित्राच्या कडा कोठे पडाव्यात, एवढे ठरवले.

म्हणून क्रम असा असावा: आधी एक डोळा मिटून हिंडावे, पुढच्या आणि मागच्या वस्तूंचे नाते जेथून मनासारखे दिसेल तेथे थांबावे, आणि मग त्या जागेवरून हवे तेवढे चित्रात मावेल असे भिंग लावावे. ज्याच्याजवळ एकच भिंग आहे त्यालाही हा नियम लागू आहे. त्याला तडजोड कोठे करायची ते तरी कळते.

हाच हिशेब आपल्या आबांच्या फोटोला लावू. नाकाचे टोक आणि कान यांत साधारण बारा सेंटिमीटरचे अंतर धरा. डोके व खांदे चौकटीत बसवायचे तर ८० च्या भिंगाने सुमारे ९४ सेंटिमीटरवर यावे लागते. तेथून नाक कानांच्या मानाने जवळजवळ तेरा टक्के मोठे उतरते. १५० च्या भिंगाने तीच चौकट पावणेदोन मीटरवरून मिळते आणि तो फरक सातांवर येतो. आपण घरात माणसांशी बोलतो ते साधारण याच अंतरावरून. हातभर अंतरावर तोंड आणून आबांकडे कोणी पाहत नाही. म्हणून तसा काढलेला फोटो निर्दोष असूनही परका वाटतो. चेहऱ्यासाठी १५० चे भिंग सुचवतात याचे कारण इतके साधे आहे. आणखी एक व्यावहारिक लाभ असा की, कॅमेरा दूर गेला की समोरचा माणूसही मोकळा होतो. मात्र कोणी म्हणेल, तर मग २५० चे का नको? त्याला तीन मीटर मागे जावे लागेल. आपल्या खोल्या तेवढ्या कोठे असतात? 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण डोंगरासाठी आहे. माणूस फार दुरून टिपला की तो चपटा दिसतो आणि जिव्हाळाही उणावतो.

रुंद भिंगाबद्दल थोडक्यात सांगतो. ५० चे भिंग अरुंद बोळात, वाड्याच्या चौकात, स्वयंपाकघरात उपयोगी पडते; जेथे पाठीला भिंत लागते तेथे त्याला पर्याय नाही. परंतु कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे ताणले जातात. पुढे पाहण्यासारखे काहीतरी असेल तरच ते वापरावे. नाहीतर चित्राचा अर्धा भाग मोकळी फरशीच होते.

आता खरेदीकडे वळू. उदाहरणासाठी स्वीडनचा हॅसलब्लाड घेतो, कारण त्याची भिंगे सर्वांच्या बोलण्यात असतात. १९५७ साली त्याचे ५०० सी हे मॉडेल निघाले. त्या घराण्याचे उत्पादन २०१३ मध्ये थांबले, तेव्हा आज जे मिळते ते वापरलेलेच. या कॅमेऱ्यात शटर भिंगाच्या आत असते. त्याचा लाभ असा की, सेकंदाच्या पाचशेव्या भागापर्यंत कोणत्याही वेगाला फ्लॅश चालतो. तोटा असा की, प्रत्येक भिंगाबरोबर आपण एक शटरही विकत घेतो. म्हणून किंमत वाढते, वजन वाढते आणि दुरुस्तीचे कामही वाढते. ८० चे प्लानार सुमारे अर्धा किलोचे, तर १५० चे सोनार आणि ५० चे डिस्टागॉन पाऊण किलोच्या आसपास किंवा अधिक. तिन्ही पिशवीत टाकून दिवसभर हिंडणारा संध्याकाळी एकच वापरतो, असा अनुभव आहे. आणखी एक पाहून ठेवा: ८० चे भिंग ९० सेंटिमीटरच्या आत स्पष्ट दाखवत नाही आणि १५० चे १.४ मीटरच्या आत. नुसता चेहरा भरून हवा असेल तर मध्ये एक छोटी एक्स्टेन्शन ट्यूब लावावी लागते. तिची किंमत भिंगाच्या मानाने किरकोळ असते.

'माझे भिंग जास्त उजेड घेते' या बढाईला भुलू नये. मोठ्या फिल्मवर स्पष्टतेची खोली आधीच कमी असते. ८० चे भिंग एफ २.८ वर पूर्ण उघडून एक मीटरवरच्या चेहऱ्याचा फोटो घेतला तर अवघे चार-साडेचार सेंटिमीटर स्पष्ट येतात. डोळा स्पष्ट आला तर कान धूसर. एफ ८ वर ती खोली साडेबारापर्यंत जाते आणि चेहरा पुरता होतो. तेव्हा मोठ्या छिद्रासाठी जादा पैसे देण्यापूर्वी आपण ते किती वेळा उघडणार आहोत, हे स्वतःला विचारावे. तेवढ्या पैशांत एक बरा तिपाई-स्टँड येतो आणि तो अधिक कामाचा ठरतो.

जुने भिंग घेताना आपल्या मुलखात एका शत्रूची आठवण ठेवावी लागते. तो म्हणजे पावसाळा. कोकणपट्टीत आणि मुंबईत चार महिने चामड्याच्या पेटीत बंद राहिलेल्या भिंगाला आतून बुरशी धरते. भिंग पूर्ण उघडून मागून टॉर्चचा उजेड टाकावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. ती वेळीच पुसली जाते, पण मुरली तर काचेवरचा लेप खाऊन टाकते. सर्वत्र पसरलेला दुधी पडदाही चित्र फिके करतो. उलट धुळीच्या चार कणांनी बिघडत नाही. त्यांसाठी चांगले भिंग नाकारू नये. मग शटर एका सेकंदावर लावून कानांनी ऐकावे. कण्हत, अडखळत चालले तर आतले तेल वाळले आहे असे समजून दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. हॅसलब्लाडचे भिंग काढताना-घालताना कॅमेरा आणि भिंग दोन्ही चावी दिलेल्या स्थितीत हवीत, नाहीतर दोघे अडकून बसतात. घरी आणल्यावर ते चामड्याच्या पेटीत न ठेवता सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावे आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून चालवावे. वापर हे बुरशीवरचे मोठे औषध आहे.

तर मग घ्यावे तरी कोणते? माझा सल्ला असा. प्रथम नॉर्मल भिंग घ्यावे आणि त्यावर दहा-बारा रोल काढावेत. खिशात वही ठेवावी. प्रत्येक चित्रापुढे तीनपैकी एक खूण करावी: 'जागा बरोबर होती', 'मागे जायचे होते, पण भिंत आली', 'जागा पटली होती, पण हवे ते चित्रात लहान पडले'. सव्वाशे-दीडशे चित्रे झाली की खुणा मोजाव्यात. दुसरी खूण अधिक असेल तर ५० घ्या. तिसरी अधिक असेल तर १५० घ्या. पहिलीच अधिक असेल, तर अभिनंदन! तुमचे पैसे वाचले. त्यांच्या फिल्मा घ्या. दुकानदाराला विचारण्यापेक्षा ही वही विचारावी, कारण तिला काही विकायचे नसते.

एका भिंगाने काय होणार, असे कोणाला वाटत असेल तर दोन स्त्रियांची नावे सांगतो. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालचा. मुंबईत शिकून पुढे दिल्लीत त्यांनी वृत्तपत्रांसाठी देशाच्या इतिहासातले मोठे क्षण टिपले. त्यांच्या हाती असलेल्या कॅमेऱ्यांत रोलायफ्लेक्स होता, आणि त्याचे भिंग बदलता येत नाही. दुसऱ्या, अमेरिकेतल्या शिकागोच्या व्हिव्हियन मायर. मुले सांभाळण्याची नोकरी करता करता त्यांनी रस्त्यावरच्या माणसांचे असंख्य फोटो काढले. बहुतेक काम रोलायफ्लेक्सवरचेच. त्यांच्या निगेटिव्हज २००७ मध्ये लिलावात निघाल्या आणि त्यानंतर जगाला त्यांची ओळख पटली. दोघींनीही भिंग बदलून काम साधले नाही. पुढे गेल्या, मागे आल्या, थांबल्या. आणि १९६९ साली चंद्रावर पाऊल ठेवणाऱ्यांनी तेथे चालताना छातीशी अडकवलेल्या हॅसलब्लाडवर ६० मिलिमीटरचे एकच बायोगॉन भिंग होते. नेहमीचा व्ह्यूफाइंडरही नव्हता. कॅमेऱ्याचा रोख शरीर वळवून धरायचा. चंद्रावर एका भिंगात भागले, तर आपल्या गावात भागायला हरकत नसावी.

माझे म्हणणे भिंगांविरुद्ध नाही. योग्य भिंग हाती आले की जो आनंद होतो तो मी जाणतो. परंतु भिंग विकत मिळते, उभे राहण्याची जागा विकत मिळत नाही. ती ज्याची त्याने शोधायची असते. घरातल्या वडीलधाऱ्यांचा फोटो काढायचा राहिला असेल, तर चांगल्या भिंगाची वाट पाहत थांबू नका. जे आहे ते लावा, दोन पावले मागे या, सकाळच्या उजेडात त्यांना दाराशी बसवा आणि आजच काढा. भिंगे पुढल्या वर्षीही बाजारात मिळतील.