दोन टांक्यांचें गणित

मीं आयुष्यभर मुलांना हौदाचीं गणितें घातलीं. त्यांत हौदांत पाणी किती, हें आधींच दिलेलें असे. वैमानिकाला मात्र तें स्वतः पाहावें लागतें.

अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हे हौशी, पण मुरलेले वैमानिक होते. त्यांच्या खात्यावर २७०० तासांहून अधिक उड्डाण जमा होतें. १२ ऑक्टोबर १९९७ रोजीं, वयाच्या ५३ व्या वर्षीं, ते कॅलिफोर्नियांतील मॉन्टरे येथून 'लाँग-ईझी' जातीचें छोटें विमान घेऊन निघाले. हें विमान कोणा हौशी गृहस्थानें स्वतः बांधलेलें होतें, आणि डेन्व्हर यांच्या ताब्यांत तें आदल्याच दिवशीं आलें होतें. त्यास पेट्रोलच्या दोन टांक्या. एक संपत आली, कीं तोटी फिरवून दुसरी चालू करावयाची. मूळ आराखड्यांत ही तोटी वैमानिकाच्या दोन्ही पायांमध्यें होती. बांधणाऱ्यानें ती डाव्या खांद्यामागें नेऊन बसविली. पेट्रोल दाखविणाऱ्या कांचाही पाठीमागें, आणि त्यांवर मापाच्या खुणा नाहींत!

तोटीपर्यंत हात पोंचेना. दांड्यास पकड लावून पाहिली; तीहि उपयोगी पडली नाहीं. कांच दिसावी म्हणून कारागिरानें एक आरसा दिला. पेट्रोल भरावयाचें का, असेंहि विचारण्यांत आलें. तासाभराचेंच उड्डाण आहे, म्हणून डेन्व्हर यांनीं नको म्हटलें. एवढ्या खटपटींत सर्वांत सोपी गोष्ट तेवढी राहिली!

धावपट्टीवर तीनदां टेकून विमान समुद्राकडे वळलें. सुमारें ५०० फुटांवर यंत्राचा आवाज मंदावला. तोटी फिरविण्यासाठीं सारें अंग डावीकडे मागें वळवावें लागे, आणि तसें वळतांना उजवा पाय सुकाणूच्या पट्टीवर नकळत दाबला जाई. इतक्या कमी उंचीवर विमान सावरण्यास अवकाश कोठला? तें उपसागरांत कोसळलें. चौकशी मंडळानें पेट्रोल न भरल्याचा दोष वैमानिकाकडे दिला. अवघड जागीं बसविलेल्या तोटीचा व खुणांवांचूनच्या कांचांचाहि उल्लेख केला. मला ही वांटणी न्याय्य वाटते.

अमेरिकेंत, दृष्टीच्या भरंवशावर उडणाऱ्या विमानानें मुक्कामीं पोंचून दिवसा आणखी ३० मिनिटें व रात्रीं ४५ मिनिटें पुरेल इतकें पेट्रोल राखावें, असा नियम आहे. पण मुळांत किती आहे हेंच ठाऊक नसेल, तर शिल्लक कशांतून काढावयाची? म्हणून जाणते वैमानिक निघण्यापूर्वीं टांकीचें झांकण उघडून खुणांची काठी आंत बुडवितात. माझी आई रॉकेलच्या डब्यांत काडी बुडवून पाही, तश्शीच.