सोरायसिस : स्पर्शाने न होणारा रोग

(पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. तरीही आज एका त्वचारोगावर बोलण्याची परवानगी मी मागून घेतली, कारण या रोगाच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गातील एका मुलाच्या कोपरांवर व गुडघ्यांवर लालसर चट्टे उठले. त्यांवर चांदीसारखे पांढरे पापुद्रे धरत व बाकावर गळत. शेजारच्या मुलाच्या वडिलांनी तक्रार केली आणि मी काहीही चौकशी न करता त्या मुलाला शेवटच्या बाकावर एकटे बसविले. पंधरा दिवसांनी त्याची आई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. म्हणाली, "सर, ह्याला सोरायसिस आहे. तो कोणाला लागत नाही. पण आता हा शाळेत यायलाच तयार नाही."

त्यानंतर मी या विषयाची माहिती मिळवू लागलो.

अंगावर चट्टा दिसला की गजकर्ण, खरूज, इसब, नाही तर दबक्या आवाजात महारोग, यांपैकी एखादे नाव देऊन आपण मोकळे होतो. गजकर्ण बुरशीमुळे होते, खरूज बारीक किड्यामुळे. ही दोन्ही एकाची दुसऱ्याला लागतात. सोरायसिसच्या मुळाशी असे संसर्ग करणारे काहीही नाही. आपली कातडी सतत नवी होत असते. खालच्या थरातील पेशी वर येऊन झडून जाण्यास साधारण महिना लागतो. या रोगात शरीराची संरक्षणव्यवस्था चुकीचा इशारा देते आणि महिन्याचे काम तीन-चार दिवसांत होऊ लागते. जुन्या पेशी झडण्याआधीच नव्या येऊन साचतात, तेच ते पापुद्रे. तेव्हा ईदच्या गळाभेटीने, एका ताटात जेवल्याने, एकाच हौदावर वजू केल्याने किंवा एका बाकावर बसल्याने हा रोग होत नाही.

महारोगाशी त्याची गल्लत फार जुनी आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर हेब्रा यांनी १८४१ मध्ये दोन्ही रोग वेगळे आहेत हे स्पष्ट केले, पण आपल्या मोहल्ल्यापर्यंत ती बातमी अजून पुरती पोहोचलेली दिसत नाही! महारोगही आज औषधाने बरा होतो. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात घटस्फोटाचे एक कारण म्हणून त्याचे नाव होते, तेही २०१९ मध्ये वगळण्यात आले. मग जो रोग लागतच नाही त्यावरून मुलीचे ठरलेले स्थळ मोडणाऱ्यांना काय म्हणावे? आनुवंशिकतेचा भाग यात आहे, हे लपवू नये. परंतु आईला किंवा वडिलांना हा रोग असला तरी बहुतेक मुलांना तो होत नाही.

आता उपचाराविषयी. "मुळापासून बरा करतो" असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर ठराव केला. त्यात हा दीर्घकाळ चालणारा, असंसर्गजन्य आणि कायमचा बरा न होणारा रोग आहे, असेच म्हटले आहे. पण तो ताब्यात ठेवता येतो, वर्षानुवर्षे कातडी स्वच्छ राहू शकते. लावण्याची मलमे, यंत्रातील विशिष्ट अतिनील किरण, पोटातील गोळ्या व अलीकडची इंजेक्शने, असे मार्ग आहेत. कोणता कोणासाठी, हे त्वचारोगतज्ज्ञ ठरवितात. मेथोट्रेक्सेट नावाची गोळी या रोगात आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. गरोदरपणी ती मुळीच चालत नाही.

सर्वांत मोठा धोका मला दुकानातून मागून आणलेल्या "खाजेच्या ट्यूब"चा वाटतो. अशा पुष्कळ मलमांत तीव्र स्टिरॉइड असते. चार दिवसांत चट्टा फिका पडतो, घरचे खूश होतात. पुढे कातडी पातळ होते आणि मलम एकाएकी थांबविले की चट्टे अधिक जोराने उसळतात. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गल्ल्यावर ती किती पाळली जाते, हे आपण जाणताच. स्टिरॉइड वाईटच असते असे नव्हे. डॉक्टर मोजून देतात तेव्हा तेच गुणकारी ठरते.

घरी करण्यासारखेही आहे. कोमट पाण्याने आंघोळ करून, अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे व्हॅसलीन लावावे. कोकणात खोबरेलाला काय तोटा! पापुद्रे नखांनी सोलू नयेत, कारण जिथे कातडी खरचटते तिथे नवा चट्टा उठू शकतो. मुलांचा घसा सुजून ताप आला तर दुर्लक्ष करू नये. अशा आजारानंतर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर बारीक ठिपके उमटू शकतात. विडी, सिगारेट, दारू, वाढते वजन व मनावरचा ताण यांनी रोग बळावतो. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडत असतील तर लगेच डॉक्टरांना सांगावे. हा रोग सांध्यांतही उतरतो आणि तेथे झालेली हानी भरून येत नाही.

तो मुलगा तीन आठवड्यांनी वर्गात आला. मी सर्वांसमोर माझी चूक कबूल केली व त्याला त्याच्या जुन्या बाकावर बसविले. शेजारी कोण बसतो, हे पाहण्यात काही क्षण गेले. ते क्षण मला फार लांब वाटले. शेवटी एक मुलगा दप्तर घेऊन उठला. दहावीपर्यंत त्याचे चट्टे दोनदा वाढले, दोनदा जवळजवळ नाहीसे झाले. तो कबड्डी खेळला, स्नेहसंमेलनात नाटकात उभा राहिला. पूर्ण बाह्यांचा शर्ट मात्र त्याने भर मे महिन्यातही सोडला नाही, आणि मीही त्याला कधी सोड म्हटले नाही.